याला कुर्बानी म्हणू नका

गेल्या रमजानात आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, लांब बाह्यांच्या टी-शर्टवर घातलेली जर्सी, हातात बास्केटबॉल. खाली लिहिलं होतं, ‘या अमेरिकन बहिणीने दीनसाठी लाखो डॉलरची ऑफर ठोकरली. खेळावर लाथ मारली. आपल्या मुलींना हे नक्की वाचून दाखवा.’ पाठोपाठ माशाअल्लाहची रांग लागली. माझ्या आपानेही तीन हिरवी हृदयं टाकली.

आपाची मुलगी नववीत आहे आणि शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळते. तरावीहनंतर तिने मला एकटीला मेसेज केला, ‘खाला, ही खरी आहे का? आणि मग पुढे काय केलं तिने?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं. मुलगी खरी आहे, तिचं नाव बिल्किस अब्दुल-कादिर. दुसऱ्या प्रश्नाला मात्र एका मेसेजमध्ये उत्तर देता येईना. फोटोखालचा मजकूर खोटा होता आणि इतक्या मोठ्या खानदानात तो कुणालाच खटकला नव्हता. म्हणून हे सगळं इथे लिहिते आहे. भाची वाचेलच. तिच्या अम्मीनेही वाचावं.

बिल्किस अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डची. बास्केटबॉलचा जन्मही याच गावातला. १८९१ च्या हिवाळ्यात जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने तिथल्या वायएमसीएच्या व्यायामशाळेत दोन टोकांना पीचच्या टोपल्या ठोकल्या आणि खेळ सुरू झाला. त्या गावातल्या, आठ भावंडांत धाकट्या, जेमतेम सव्वापाच फुटांच्या या पोरीने शाळेच्या वर्षांत ३,०७० गुण केले. त्याआधीचा राज्यविक्रम होता रिबेका लोबोचा, २,७१० गुणांचा. लोबो पुढे १९९६ ला ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकन संघात होती. तिला आमच्या बिल्किसने ३६० गुणांनी मागे टाकलं, आणि तेही डोकं झाकून. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी व्हाइट हाउसच्या इफ्तारला तिला बोलावलं, सगळ्यांसमोर तिच्या विक्रमाचं कौतुक केलं.

मग मेम्फिस विद्यापीठाची शिष्यवृत्ती. पहिलं वर्ष गुडघ्याच्या दुखापतीत गेलं. त्यानंतर ती कोर्टवर उतरली ती अमेरिकन विद्यापीठांच्या सर्वोच्च गटात हिजाब घालून खेळणारी पहिली खेळाडू म्हणून. मेम्फिसची पदवी घेतली आणि शेवटचा हंगाम इंडियाना स्टेट विद्यापीठाकडून खेळली. २०१४ ला कॉलेजचा खेळ संपला. खरी गोष्ट इथून सुरू होते आणि फॉरवर्ड करणाऱ्यांना नेमका हाच भाग माहीत नसतो.

अमेरिकेतल्या मुलीला कॉलेजनंतर व्यावसायिक बास्केटबॉल खेळायचं असेल तर देशात जागा किती? तेव्हा डब्ल्यूएनबीएत १२ संघ होते, प्रत्येकात १२ खेळाडू. म्हणजे सगळ्या मिळून १४४ जागा, त्यातल्या बहुतेक आधीच भरलेल्या. दरवर्षीच्या निवडीत तेव्हा नावं पुकारली जायची ३६, आणि त्यांतल्याही कितीतरी हंगाम सुरू व्हायच्या आधी घरी परत यायच्या. मग बाकीच्या शेकडो मुली काय करतात? बॅग भरतात. स्पेन, तुर्की, पोलंड, इस्रायल, ऑस्ट्रेलिया, जिथे करार मिळेल तिथे जातात. बुटक्या गार्डसाठी तर हाच रस्ता. या परदेशी लीग चालतात त्या फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी. फिबाच्या नियमपुस्तिकेत लिहिलं होतं की खेळाडूने डोक्यावर काही घालायचं नाही. पाच सेंटिमीटरपर्यंत रुंदीचा पट्टा तेवढा चालेल.

तर हे होतं ते दार. ऑफर हातात यावी, ती ठोकरावी, अशी वेळच तिच्यावर आली नाही. ठोकरायला काही हाताला लागायच्या आतच कुलूप पडलं.

कारण काय सांगत होते? सुरक्षितता. कपड्याने दुसऱ्या खेळाडूला इजा होईल. आता मी स्वतः बास्केटबॉल खेळलेली बाई आहे. कोपर, नखं, गुडघे, घामाने ओला झालेला कोर्ट, या सगळ्यांनी मला लागलं आहे. स्कार्फने लागल्याचं मला आठवत नाही. बिल्किस शाळेत आणि कॉलेजात इतकी वर्षं तसंच खेळली आणि तिची मोठी दुखापत झाली ती गुडघ्याला. गुडघ्यावर बंदी घालावी असं कुणी सुचवलं नाही.

हा नियम फक्त मुसलमानांसाठी होता असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. जुलै २०१४ मध्ये चीनमधल्या वूहानला आशिया चषक चालू असताना आपल्या भारतीय संघातल्या अमज्योत सिंग आणि अमृतपाल सिंग या दोघांना पगडी उतरवायला लावली होती. तेव्हा देशभर आरडाओरड झाली, आणि योग्यच झाली. त्यानंतर दोनच महिन्यांनी इंचिऑनच्या आशियाई खेळांत कतारच्या मुलींना हिजाब काढायला सांगितलं. त्या काढेनात, मंगोलियाविरुद्धचा सामना सोडून त्या कोर्टबाहेर गेल्या. एकच नियम, एकच उन्हाळा-पावसाळा. पगडीच्या वेळी ज्यांचं रक्त उकळलं त्यांतल्या कितींना कतारच्या मुलींची बातमी आठवते, हे आपापल्या ओळखीत विचारून बघा.

पुढे बऱ्याच जणी भांडल्या. अमेरिकेत कॉलेज खेळून युरोपात व्यावसायिक झालेली इंदिरा कालयो, ब्रिटनमधली अस्मा एल्बदावी, स्वतः बिल्किस. याचिकांवर लाखाच्या वर सह्या झाल्या. ४ मे २०१७ ला फिबाने नियम बदलला आणि १ ऑक्टोबरपासून तो लागू झाला. आता डोकं झाकता येतं. अट एवढीच की कापड काळं, पांढरं किंवा जर्सीच्या रंगाचं असावं, आणि संघातल्या सगळ्यांचं सारखं. बस्स. इतकं सोपं होतं. त्यानंतर कनेक्टिकट विद्यापीठाकडून खेळलेली बतूली कमारा स्पेनच्या लीगमध्ये हिजाब घालून खेळली. कुणाचा डोळा फुटल्याचं ऐकलं नाही. कापड तेच, खेळ तोच, पुस्तकातलं एक कलम तेवढं बदललं होतं.

पण बिल्किसची तीन वर्षं गेली होती. बावीस-तेविसाव्या वर्षी करार मिळणं आणि सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी, एकही व्यावसायिक सामना न खेळता, पुन्हा ओळीत उभं राहणं यातला फरक कुठल्याही खेळाडूला विचारा. ती व्यावसायिक झाली नाही. मधल्या काळात तिने मेम्फिसमधल्या एका इस्लामी शाळेत मुलांना खेळ शिकवला, लग्न केलं, कॅनडातल्या ऑन्टारिओत लंडन नावाच्या शहरात संसार थाटला, मुस्लिम मुलींसाठी बास्केटबॉलची शिबिरं घेतली. तिच्यावर ‘लाइफ विदाउट बास्केटबॉल’ नावाचा माहितीपट निघाला. नावातच सगळं आलं. म्हणजे, भाचीबाई, तिने पुढे बरंच काही केलं. हातात पदवी होती म्हणून करता आलं, हेही लक्षात ठेव. ते शिक्षण तिला बास्केटबॉलने मिळवून दिलं होतं.

आणखी एक. त्या दिवसांत हिजाब काढून टाकावा का, हा विचार आपल्या मनात येऊन गेला, हे तिने स्वतः मुलाखतींमध्ये लपवलेलं नाही. चिडली, रडली, स्वतःला प्रश्न विचारले. आमच्या फॉरवर्डमधली बिल्किस मात्र एका मिनिटात खेळावर लाथ मारते आणि हसते. खरी बिल्किस या लोकांना नकोच आहे. त्यांना फोटो हवा आहे.

म्हणून माझं भांडण त्या एका शब्दाशी आहे. कुर्बानी. कुर्बानी द्यायची तर वस्तू आधी तुमच्या हातात असावी लागते आणि द्यायची मर्जीही तुमची असावी लागते. बसमध्ये खिसा कापला गेला तर घरी येऊन कुणी ‘आज मी सदका दिला’ असं सांगतं का? बिल्किसचा खिसा कापला गेला. तिचं पोट बांधणारं कौशल्य, शाळेपासून घासलेलं, तिच्याकडून काढून घेतलं गेलं. आणि आपण काय करतो, तर चोराला विसरून तिच्या सब्राचे गोडवे गातो.

हा शब्द दोघांच्या फार सोयीचा आहे. एक म्हणजे नियम करणारे. तिने ‘स्वतःहून सोडलं’ म्हटलं की त्यांना जाब विचारायला कुणी उरत नाही. नियम बदलला त्या दिवशी मागची वर्षं परत द्यायची भाषा कुणी केली नाही.

आणि हे सगळं २०१७ ला मिटलं असं समजू नका. फ्रान्सची दियाबा कोनाते पाहा. फ्रान्सच्या युवा संघाकडून खेळली, २०१८ च्या युवा ऑलिम्पिकमध्ये थ्री-बाय-थ्री प्रकारात रौप्य जिंकली. मग अमेरिकेत आयडाहो स्टेट आणि त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या विद्यापीठात शिकली, खेळली. तिथे असताना तिने हिजाब घ्यायला सुरुवात केली. इकडे २०२२ च्या अखेरीस फ्रान्सच्या बास्केटबॉल महासंघाने स्वतःच्या स्पर्धांमध्ये डोकं झाकण्यावर बंदी घातली. फिबाला चालतं, फ्रान्सला चालत नाही. २०२४ ला कोनातेचं कॉलेज संपलं तेव्हा ज्या देशासाठी तिने पदक आणलं त्या देशाच्या कोर्टवर तिला जागा नव्हती. त्याच उन्हाळ्यात पॅरिसला ऑलिम्पिक झालं. बाहेरच्या देशांच्या खेळाडू हिजाब घालून उतरू शकत होत्या, यजमान फ्रान्सच्या नाही. फ्रान्सची धावपटू सूंकांबा सिला हिला उद्घाटन सोहळ्यात केस झाकायला शेवटी टोपी घालावी लागली. टोपी चालते, स्कार्फ चालत नाही. याला तटस्थता म्हणतात म्हणे.

आपल्याकडेही ‘काढ नाहीतर बाहेर थांब’ हे वाक्य नवं नाही. उडुपीच्या मुली आठवा. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने २०२४ मध्ये हिजाब, टोपी, बॅज सगळ्यांवर बंदी घातली आणि त्या आदेशाला अंशतः स्थगिती मिळवायला मुलींना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

इथे चळवळीतले काही मित्र अस्वस्थ होतील. त्यांचं म्हणणं मला पाठ आहे: आपण पडद्याविरुद्ध बोलणारे लोक, मग हिजाबची वकिली का करतो? मी वकिली करत नाही. मी स्वतः डोकं झाकत नाही, आणि ते झाकलंच पाहिजे असं सांगणाऱ्यांशी वीस वर्षं भांडते आहे. पण स्कार्फ घातलेल्या मुलीला कोर्टबाहेर काढून तिची सुटका होते, हे मला अजून कुणी समजावून देऊ शकलेलं नाही. ती मुक्त होत नाही, ती घरी बसते. उलट्या बाजूने हेच मी इराणबद्दलही म्हणते. ऑक्टोबर २०२२ मध्ये एल्नाझ रेकाबी सोलच्या स्पर्धेत उघड्या डोक्याने भिंत चढली आणि नंतर तिला ‘स्कार्फ चुकून सुटला’ असं सांगावं लागलं. तेव्हा माशाअल्लाहवाले गप्प होते. बिल्किसच्या डोक्यावरच्या कापडाचा हक्क तुम्हाला दिसतो आणि रेकाबीच्या उघड्या केसांचा दिसत नाही, तर तुम्हाला हक्काशी काही देणंघेणं नाही. फक्त कापडाशी आहे.

आता ज्यांना हा शब्द सोयीचा पडतो ते दुसरे. म्हणजे आपण.

आपल्या मोहल्ल्यात मुलीला खेळू द्यायची एक ठरलेली मुदत असते, दहावीपर्यंत. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, ते टक्केवारीत दिसतात, म्हणून तोवर मैदान हलाल. निकाल लागला की एकदम सगळ्यांना सगळं आठवतं: प्रवास, चड्डी, पुरुष कोच, उन्हाने काळवंडलेला रंग, येणारी स्थळं. मुलगी स्कार्फ घालते म्हणाली, पूर्ण बाह्या घालते म्हणाली, तरी उत्तर तेच. म्हणजे प्रश्न कपड्याचा कधी नव्हताच. फिबा म्हणत होतं, कापड काढ आणि खेळ. आपण म्हणतो, कापड घाल आणि खेळू नकोस. दोघांचंही लक्ष तिच्या डोक्यावर. तिचा डावा हात किती छान चालतो हे बघायला कुणी नाही.

माझंच सांगते. सोलापुरात मी कॉलेजच्या संघाची कर्णधार होते, विद्यापीठाच्या संघातूनही खेळले. मला कुणी बंदी घातली नाही. अब्बांनी कधी आवाज चढवला नाही. बी.कॉम.चा निकाल लागला आणि ‘आता पुरे’ एवढंच म्हटलं गेलं, जेवताना, पाणी वाढता वाढता. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते. माझी प्रमाणपत्रं एका पिशवीत कपाटावर पडून राहिली, कारण पडताळणीच्या कचेरीत माझ्याबरोबर यायला घरात कुणाला सवड नव्हती आणि एकटी जायची मला सवय नव्हती. बूट अम्मीने कामवाल्या मावशींच्या मुलीला दिले. तिच्या मापाचे नव्हते, पुढे कापूस घालून तिने ते वापरले. आज मी एका पतसंस्थेत खाती जुळवते. वाईट काही नाही. पण कुणी मला ‘घरासाठी तू खेळ सोडलास, मोठी कुर्बानी’ असं म्हटलं तर मी त्या माणसाशी भांडेन. मी काही सोडलं नाही. मला विचारलंच नव्हतं.

खेळ आपल्याला परका आहे म्हणून हे होतं असंही नाही. स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएत जन्मलेला हा खेळ मुंबईत नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर कसा रुजला ते आठवा. अब्बास मुन्तसिर तिथले. भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या गल्ल्यांतून पोरं भारतीय संघात गेली. खेळाच्या जोरावर रेल्वेत नोकरी लागली की आपल्या घरांत पेढे वाटतात. मुलगा खेळून नोकरी मिळवतो तेव्हा त्याला रोजीरोटी म्हणतात. मुलगी खेळते तेव्हा त्याला शौक म्हणतात, आणि शौक सोडायचाच असतो.

अशा घरांत बिल्किसचा फोटो जातो तेव्हा तो काय काम करतो ते बघा. ‘ती एवढी मोठी खेळाडू, तिने सोडलं, तुला काय झालं सोडायला?’ स्वित्झर्लंडमधल्या एका कचेरीने तिच्यावर केलेला अन्याय सोलापुरातल्या, औरंगाबादेतल्या, मालेगावातल्या मुलीला घरी बसवायला वापरला जातो. ज्या बाईने तीन वर्षं नियमाशी भांडण केलं, ‘मला खेळायचं आहे’ हे जगाला ओरडून सांगितलं, तिच्याच तोंडी आपण ‘खेळू नका’ घातलं. तिच्यावर झालेला हा दुसरा अन्याय, आणि तो फिबाने केलेला नाही.

तुम्ही अठरा-वीस वर्षांचे असाल, ग्रुपवर असा फोटो आला तर गप्प बसू नका. मोठ्यांना उलट बोलावं लागत नाही. एवढंच लिहा की हिने खेळ सोडला नव्हता, हिला खेळू दिलं नव्हतं, आणि आता नियम बदलला आहे. मग आपल्या घरातली मुलगी कुठल्या संघात खेळते ते विचारा. मी तेच लिहिलं. ग्रुपवर दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी एका मामूंनी शिरखुर्म्याची रेसिपी टाकली.

आपाचा फोन मात्र आला. रागावली होती. ‘तू पोरीच्या डोक्यात काय भरतेस?’ मी विचारलं, ‘तीन हिरवी हृदयं तू कुणाला दिलीस, खेळणाऱ्या मुलीला की घरी बसलेल्या?’ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘जिल्ह्याच्या निवड चाचणीचा फॉर्म आलाय. तिचे अब्बा सही करत नाहीत.’

चाचणी येत्या रविवारी सकाळी सात वाजता आहे. फॉर्मवर पालकाची सही लागते, आणि आई ही पालकच असते हे मी आपाला दोनदा सांगितलं आहे. शनिवारी रात्री मी तिच्याकडे मुक्कामाला जाते आहे. भाचीसाठी नवे बूट घेतलेत, अर्धा नंबर मोठे.